रुसूबाई ताकाकडे येत नाही

रेगेताई गेल्या, हे मला पॅकिंग हॉलमध्ये कळलं. दुपारचा चहा नुकताच झाला होता, वेणी टोपीत कोंबून मी बाटल्यांची बुचं हातात घेतली होती, आणि आमच्या सुपरवायझर बाई दारात येऊन नुसत्याच माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एरवी ह्या बाईंच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. शेवटी मीच विचारलं, "ताईंचं काही का?" त्यांनी मान हलवली. हातातली बुचं मी ट्रेमध्ये ठेवली, आणि मन कसं वेडं असतं बघा, पहिला विचार आला तो हा की आधी घरी जाऊन आंघोळ करायला हवी, कपडे बदलायला हवेत, मग त्यांच्याकडे जायचं. सुतकाच्या आंघोळीचं म्हणत नाही मी. हॉलमधून ताईंच्या प्रयोगाच्या खोलीत जायचं तर आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं, असा त्यांचा दंडकच होता. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "जा तू, इथलं मी बघते." मी गेले.

आता दीड महिना होत आला. कारखान्याच्या शोकसभेत मोठी माणसं बोलली. मातीच्या नमुन्यांवर ताईंनी किती वर्षं काम केलं, किती शिस्तीच्या होत्या, सगळं खरंच बोलले. पण त्यांच्या जंतांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. मला असा राग आला म्हणता! ज्या कामात त्या बाईनं जीव ओतला, त्याचं नाव काढायला लाज वाटते का तुम्हाला? म्हणून मी लिहायला बसले. आणि दुसरंही एक कारण आहे. त्या कामाचं एकदा फार मोठं नुकसान झालं, ते माझ्या हातून झालं, आणि सात वर्षं मी ते त्यांना सांगितलं नाही. भिंतीला भिंत लावून राहत होते, त्यांच्या हातचा चहा पीत होते, आणि सांगितलं नाही.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी औषधाच्या कारखान्यात लागले. क्षयाच्या इंजेक्शनची पांढरी पूड, स्ट्रेप्टोमायसिन, बाटल्यांत भरायचं नवं खातं निघालं होतं आणि त्यांना हलक्या हाताच्या बायका हव्या होत्या. थेरगावातल्या आमच्या आळीतून कंपनीत जाणारी मीच पहिली. आई म्हणाली, "जा बया. भाकऱ्या आता साहेबच थापनार हाय आमच्या." पुढे लग्न झालं. आमचे हे त्याच कारखान्यात बॉयलरवर, त्यामुळे पिंपरीच्या कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. शेजारी एक बाई एकट्या राहत होत्या, संशोधन विभागातल्या डॉक्टर इंदुमती रेगे. लग्न केलेलं नाही, केस आखूड, सायकलवरून जा-ये करतात, एवढी माहिती कॉलनीनं मला सामान उतरवता उतरवताच पुरवली. आठवड्याच्या आत एका संध्याकाळी भिंतीपलीकडून करपल्याचा असा भपकारा आला की मी पीठ लागलेल्या हातांनी धावले. स्वयंपाकघरात स्टोव्हवर भाताचा कोळसा झालेला, आणि लोटलेल्या दाराच्या अलीकडे ह्या खुर्चीत बसून वाचतायत. "अहो बाई, भात लागला!" त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, "हो का? मला वास येत नाही." मला वाटलं सर्दी झाली असेल. म्हटलं, ओव्याचा शेक देऊ का? तर हसायलाच लागल्या. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात नाक गेलं ते परत आलंच नाही.

तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. दूध नासलंय का, आमटी आंबलीय का, सगळं मी हुंगायचं. नुसती भिंतीवर थाप मारून "ताई, भात!" म्हटलं की त्या पळायच्या. त्या बदल्यात त्या मला प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. त्या काळात पिंपरी स्टेशनात उतरलं की माणसं भेटायच्या आधी कारखान्याचा वास भेटायचा. "कसा असतो गं तो?" मी म्हणायची, आंबलेल्या पिठात ओलं गोणपाट बुडवून ठेवावं तसा. "आणि पावसात?" पावसात गोणपाट जास्त, पीठ कमी. ह्या बाई ते वहीत लिहून घ्यायच्या! एकदा मात्र काहीच विचारलं नाही, आपणहून म्हणाल्या, "आईची एक साडी ठेवलीय मी. लोक म्हणतात, साडीला माणसाचा वास राहतो. मी उघडते तेव्हा मला नुसती साडी दिसते…" मी उठून चहा टाकला.

आता जंतांचं सांगते. आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. रजेवर कुणीही कुठेही गेलं, गावाला, माहेरी, देवाला, तरी येताना तिथली चमचाभर माती पुडीत बांधून आणायची. औषधं मातीतल्या बुरशीतून निघतात, न जाणो कुठल्या मातीत नवं औषध दडलेलं असेल, म्हणून. पुडीवर गावाचं नाव घालायचं आणि पुडी रेगेताईंकडे द्यायची. लोक अंगारा आणावा तशी माती आणायचे. मी माझ्या माहेरची आणली, थेरगावच्या शेताच्या कडेच्या शेणखताच्या खड्ड्यातली. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आता उकिरडाबी शाळंत घालनार व्हय तुमी?" ताईंना तर हे वाक्य इतकं आवडलं की पुढे प्रत्येक नव्या पुडीला त्या विचारायच्या, "ही कुठल्या शाळेतनं आली?"

पण त्या खड्ड्याच्या मातीत औषध निघालं नाही, जंत निघाले. पोटातले नव्हेत. मातीत राहणारे, बारीक, काचेसारखे आरपार, भिंगाखाली धरले तर छापील स्वल्पविरामाएवढे. दुसऱ्या कुणीही ती डिश उकळत्या पाण्यात टाकली असती. ताई मात्र मायक्रोस्कोपवरून उठेनात. म्हणाल्या, "अंजना, ह्याच्या पोटातलं अंडं न् अंडं मोजता येतंय. मेंदू म्हणावा तर मोजक्याच पेशींचा. ह्याला काय कळतं आणि ते कशानं कळतं, हे शेवटपर्यंत शोधता येईल." त्याच सुमारास परदेशातही कुणी अशाच जंतांवर काम सुरू केल्याचं त्यांच्या वाचनात आलं. मग काय विचारता! विभागाच्या साहेबांकडे चार वेळा जाऊन त्यांनी मागची एक अडगळीची खोली मिळवली. साहेब म्हणाले म्हणे, "बाई, आपण औषधं करतो आणि तुम्ही जंत पाळता?" संध्याकाळी मदतीला मला घ्यायचीही परवानगी काढली. मी आपली मॅट्रिक. पण आठ तास पूड भरून पापणी न हलवणारे हात त्यांना हवे होते.

जंत उचलायला नाजूक तार लागायची. मिळेना, तेव्हा कासारवाडीचे युसूफभाई म्हणून स्कूटरचे मेकॅनिक होते, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "बाई, लोक माझ्याकडे इंजिन खोलायला येतात, तुम्ही जंताला चमचा मागता. अल्लाची करणी!" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी तारेचं टोक ठोकून, घासून असं चपटं करून दिलं की वर्षानुवर्षं तेच वापरलं. आणि आंघोळीचा दंडक आला तोही तेव्हाच. हे जंत जगतात जिवाणूंवर. डिशमध्ये जेली, जेलीवर जिवाणूंची पांढरी साय, त्या सायीवर जंत चरणार. आणि आमच्या हॉलमधली पूड तर जिवाणू मारायचंच औषध! ती पूड केसांत बसते, नखांत बसते, पदराच्या घड्यांत बसते. कणभर जेलीवर पडली की साय धरत नाही, आणि जंत उपाशी. म्हणून कामाची पाळी संपली की घरी जायचं, केसांवरून आंघोळ, धुतलेलं पातळ, मगच त्या खोलीचा उंबरा. थंडीत दात वाजायचे. मी कुरकुरले की ताई म्हणायच्या, "ते तुझ्याच उकिरड्याचे आहेत. माहेरच्या माणसांसाठी एवढंही करू नये?"

ताकाची गंमत माझ्यामुळे झाली. मी त्यांच्यासाठी घरचं ताक नेलं होतं. त्यांनी सहज, वात्रटपणानं म्हणा, एक थेंब डिशच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं बघतो तर काय, सगळे जंत वळवळत तिकडे निघालेले! ताईंना स्वतःला ताकाचा वास माहीत नाही, आणि ज्याला नाक नाही, डोळे नाहीत, त्या जंताला तो कळतोय. मग पुढची दोन-अडीच वर्षं त्यांचा एकच ध्यास होता. पिढीत बदल घडवणारं एक रसायन जंतांना द्यायचं, त्यांच्या नातवंडांसमोर ताकाचा थेंब ठेवायचा, आणि जो येणार नाही तो शोधायचा. एखादा आलाच नाही, तर वास कळायला जे लागतं त्यातलं काहीतरी त्याच्यात मोडलंय. ते काय मोडलंय हे सापडलं, की वास म्हणजे काय हे सापडेल. मला त्या असंच सांगायच्या, सोपं करून. आम्ही किती डिश बघितल्या त्याला गणती नाही. येणारे सगळे येतच होते.

आणि एका संध्याकाळी एक आली नाही. सगळ्या ताकाकडे निघाल्या, ही आपली पाठ फिरवून दुसऱ्या कडेला चरत बसलेली. मी म्हटलं, "ही बया रुसलीय." ताईंनी तिला उचलून वेगळ्या डिशमध्ये ठेवलं. ह्या जंतांना नराची गरज नसते, एकटीला शेकड्यानं पोरं होतात. तीन-चार दिवसांनी तिची पोरं मोठी झाली, त्यांच्यापुढे ताक ठेवलं. एकही आलं नाही. ताईंनी माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. "पिढीत उतरलं, अंजना! पिढीत उतरलं!" त्या जातीला वहीत नंबर होता, पण आम्ही तिला रुसूबाईच म्हणायचो. ताई तिच्याशी बोलायच्या. "काय रुसूबाई, आज तरी येतेस का? नाही? बरं बाई, मीही येत नाही."

पुढच्या मे महिन्यात ताईंचे भाऊ मिरजेला आजारी पडले. ताई तीन आठवडे म्हणून गेल्या, लागला महिना, आणि जंत माझ्या हवाली करून गेल्या. साध्या जंतांच्या डिश सोमवारी बदलायच्या, रुसूबाईच्या मंगळवारी. सगळं लिहून दिलेलं, डिशही मोजून भरून ठेवलेल्या. पहिले दोन आठवडे नीट गेले. तिसऱ्या सोमवारी मी आंघोळ करून साधे जंत बदलले. मंगळवारी हॉलमध्ये ओव्हरटाइम लागला. सुटले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आणि घरी येऊन बघते तर नळ कोरडा, हंड्यात पिण्यापुरतं पाणी. रुसूबाईच्या डिशमधली साय संपत आली होती, उद्यावर टाकायचं तर त्या उपाशी. मी मनाशी म्हटलं, हात तर कोपरापर्यंत साबणानं धुतलेत, एका दिवसानं काय होतंय? आणि तशीच गेले, त्याच वेणीनं, त्याच पातळानं. सगळ्या रुसूबाया नव्या डिशमध्ये काढल्या. वर शहाणपणा असा, की जुन्या डिश तिथल्या तिथे उकळून, पुसून ठेवल्या. पॅकिंगमध्ये हाडीमासी खिळलेली सवय, काम झालं की टेबल लख्ख! एक जुनी डिश राहू दिली असती तरी…

चार दिवसांनी बघितलं तर जेली स्वच्छ. साय नाही. मी वरून पुन्हा जिवाणू घातले, तरी धरेना. जेलीतच पूड उतरली होती, कशी धरणार? भरलेल्या डिश संपल्या होत्या, नवी जेली मला करता येत नव्हती, आणि साध्यांच्या डिशमध्ये सोडाव्यात तर कोण कुठली ते पुन्हा ओळखता आलं नसतं. मे महिन्याची तलखी. दहा दिवसांत जेली वाळून तडकली. ताई परत आल्या, बॅग हातातच, आधी खोलीत गेल्या. मी मागे उभी. म्हणाले, "ताई, साध्या जगल्या. रुसूबाई सगळ्या गेल्या." शब्द न् शब्द खरा होता. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ताईंनी डिश उजेडाकडे धरली, बराच वेळ धरली, खाली ठेवली आणि वहीत लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: "वास न कळणारी ही जात अशक्त असून जगण्यास असमर्थ दिसते." मग वही मिटून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निसर्ग असल्यांना ठेवत नाही बघ."

त्या कुणाबद्दल बोलत होत्या हे मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भ्याले. खोलीतून काढतील, ताई म्हणू देणार नाहीत, असलं काहीबाही. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता म्हणता ते वाक्य वहीत मुरत गेलं. दुसरी रुसूबाई ताईंनी वर्षभर शोधली, सापडली नाही. मग साहेब म्हणाले, पुरे झाले जंत, आणि ताई मुकाट्यानं मातीच्या पुड्यांकडे परत गेल्या. वासांचे प्रश्न विचारणंही हळूहळू बंद झालं. एकदा मी आपणहून म्हटलं, "ताई, आज आंब्याला मोहर आलाय, काय वास सुटलाय!" तर म्हणाल्या, "असू दे." एवढंच. मला त्या दोन शब्दांनी जेवण गेलं नाही.

ह्या वर्षी त्यांचं पोटाचं दुखणं वाढलं. मिरजेहून भाऊ येऊन राहिले. एका दुपारी ते औषधं आणायला गेले होते, मी पेज घेऊन गेले. ताई उशाला टेकून बसल्या होत्या, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. पेज तशीच राहिली आणि मी सगळं सांगून टाकलं. ओव्हरटाइम, नळ, वेणी, सगळं. रडत होते की नाही आठवत नाही. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. तर म्हणाल्या, "हात कुठल्या साबणानं धुतले होतेस?"

"कपडे धुण्याच्या."

"डोक्याला टोपी?"

"नव्हती."

"आणि साध्या जगल्या, त्या आदल्या दिवशीच्या. आंघोळ केलेल्या दिवसाच्या."

"हो."

"नक्की?"

"नक्की, ताई. मंगळवार होता."

त्या सरळ उठून बसल्या. कित्येक दिवसांत बसल्या नव्हत्या. "म्हणजे अंजना, रुसूबाई अशक्त नव्हती. तिला काही झालेलं नव्हतं. ती जगली असती!" आणि पुन्हा, लहान मुलीसारख्या, "अगं, ती मजेत जगली असती!" तोंडभर हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं होतं मी त्यांच्याकडे माफी मागायला आलेय. त्यांनी मला कपाटातून वही काढायला लावली. ते पान काढलं, ते वाक्य एकाच रेघेनं खोडलं, खालचं वाचता येईल असं. आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही. तुझ्या अक्षरात." मी लिहिलं: "त्या दिवशी मी आंघोळ न करता आले होते. डिशमध्ये पूड गेली. जंत उपासमारीने मेले. जात सशक्त होती." आमच्या कारखान्यात प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मी माझी केली. ताईंनी वही मांडीवर ओढून तपासणाऱ्याच्या जागी आपली केली. पेन दोनदा निसटलं, तरी पूर्ण नाव लिहिलं.

मी भीत भीत विचारलं, "ताई, रागावलात?"

"रागावणार तर!" त्या म्हणाल्या. "सात वर्षं, अंजना! चांगली तोंडभरून रागावणार आहे. पण आत्ता दमले मी. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुण्याला दवाखान्यात हलवलं. शुद्ध गेली ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सुपरवायझर बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, ते वर सांगितलंच. भावानं सामान आवरताना वही माझ्या हातात ठेवली. तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं, म्हणाले. शेजारच्या क्वार्टरमध्ये आता नवं बिऱ्हाड आलंय, भली माणसं आहेत. वही माझ्या कपाटात आहे आणि मी दिवसातून एकदा तरी ते पान उघडते. माझी सही ठसठशीत, खाली त्यांची वाकडी. वाचते, आणि मग तशीच बसून राहते, बोलावणं यायचंय अशी. सात वर्षांचं रागावणं राहिलंय तुमचं, ते घ्यायला मी आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून बसलेय…

रागवा की हो, ताई.